मक्याचा युरिया: दिवस नव्हे, पाने मोजा

मा. संपादक,
स. न.

महोदय,

मक्याच्या हंगामात वर्तमानपत्रांतून खताचा जो सल्ला येतो तो बहुतेक असा असतो: हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ४० किलो पालाश (पोटॅश), नत्राचा एक तृतीयांश हिस्सा पेरणीला, दुसरा ३० दिवसांनी आणि तिसरा ४० ते ४५ दिवसांनी. शिफारस कृषी विद्यापीठाची आहे आणि तिच्यात खोट नाही. मात्र ती बांधापर्यंत पोचते तोवर तिचे ‘महिन्याने एक गोणी, दीड महिन्याने एक गोणी’ एवढेच उरते. कोणत्या खताची गोणी, किती किलोची, जमिनीत ओल किती, पीक कितव्या पानावर आहे, हे सगळे वाटेत गळून जाते. आपल्या कृषी पानावर हा तपशील यावा म्हणून हे पत्र लांबले तरी लिहीत आहे.

गोणी हे माप सोडून दिल्याशिवाय पुढचे काही जमणार नाही. युरियाची गोणी ५० किलोची होती तेव्हा तीत २३ किलो नत्र असे. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली आणि नत्र २०.७ किलोवर आले. जुनी घडीपत्रिका पाहून ‘दोन गोण्या’ टाकणाऱ्याचे साडेचार किलो नत्र तिथेच कमी होते. गंधकाचा थर दिलेला युरिया ४० किलोच्या गोणीत येतो. त्यात नत्र ३७ टक्के, म्हणजे गोणीमागे १४.८ किलो. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र-स्फुरदाचे खत) ५० किलोंत ९ किलो, २०:२०:०:१३ या मिश्रखतात (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकाच्या टक्क्यांचे) १० किलो, १०:२६:२६ मध्ये अवघे ५ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शून्य. दुकानात डीएपी नाही म्हणून १०:२६:२६ उचलले आणि गोण्यांची संख्या तीच ठेवली, तर नत्राचा हिशेब पेरणीच्या दिवशीच चुकलेला असतो.

एकराचा हिशेब असा बसतो. हेक्टरी १२०:६०:४० म्हणजे एकरी साधारण ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १६ किलो पालाश. बेसळ डोसला, म्हणजे पेरणीच्या वेळी, डीएपीची एक गोणी दिली की ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद गेले. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. नत्राचा पहिला हिस्सा १६ किलो भरायला आणखी १५ किलो युरिया. उरलेले दोन हप्ते प्रत्येकी ३५ किलो युरियाचे. एकूण युरिया ८५ किलो, म्हणजे दोन गोण्यांत पाच किलो शिल्लक राहतो. डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट वापरले तर त्याच्या तीन गोण्या लागतात आणि युरिया २० किलोंनी वाढून १०५ किलोंवर जातो. सुपर फॉस्फेट आणि युरिया एकत्र करून ठेवू नयेत. मिश्रणाला पाणी सुटते, त्याचा चिखल होतो आणि पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) नळ्या तुंबतात. मिसळायचेच असेल तर शेतात, टाकण्याच्या तोंडावर.

हे ३५ किलो जमिनीवर कसे दिसतात ते एकदा डोळ्यांनी पाहावे. ६० बाय २० सेंटिमीटरवर टोकण केलेल्या एकरात ३३,७०० च्या आसपास ताटे (मक्याची झाडे) असतात. म्हणजे एका हप्त्यात एका ताटाच्या वाट्याला जेमतेम एक ग्रॅम युरिया येतो, एक चिमूट. ओळीच्या हिशेबाने शंभर मीटर ओळीला अर्धा किलोच्या थोडा वर. मजुराच्या हाती घमेले देऊन ‘मुठीने टाकत जा’ म्हटले की सुरुवातीच्या ओळींना दुप्पट पडतो आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. पंधरा दिवसांनी रानात हिरवे-पिवळे पट्टे दिसतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. घरातल्या वजनकाट्यावर अर्धा किलो युरिया मोजून तो एका प्लास्टिकच्या डब्यात भरावा, डब्यावर खूण करावी आणि शंभर मीटरमध्ये तो डबा बरोबर संपतो का ते दोन ओळींत पाहावे. हात बसायला दहा मिनिटे लागतात.

आता वेळेचा प्रश्न, आणि या पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे. दिवस मोजण्याची पद्धत खरिपात बरीचशी चालून जाते, रब्बीत ती फसवते. जूनच्या अखेरीस पेरलेला मका तिसाव्या दिवशी साधारण आठ पानांवर असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खानदेशात किंवा सिल्लोड-कन्नडकडे पेरलेला तोच वाण तिसाव्या दिवशी कसाबसा चार-पाच पानांवर रेंगाळत असतो, कारण रात्रीचा पारा दहा-बाराच्या घरात असला की पान फुटायला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात. खरिपातले ३० दिवस आणि रब्बीतले ४५ दिवस पिकाच्या वयाने सारखेच भरतात. रब्बीत कॅलेंडर पाहून महिन्याने दिलेला युरिया पिकाला नको तेव्हा पडतो, पुढच्या दोन पाण्यांबरोबर खाली उतरतो आणि मका उंची घेऊ लागतो तेव्हा हाताशी नसतो.

म्हणून पाने मोजावीत, आणि ती कशी मोजायची हेही सांगितले पाहिजे, कारण पोंग्यातून (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांच्या गुंडाळीतून) बाहेर डोकावणारे प्रत्येक टोक मोजले तर दोन-तीन पाने जास्त भरतात. पानाचे पाते खोडाला जिथे मिळते तिथे एक फिकट, आडवा पट्टा असतो. ज्या पानाचा हा पट्टा पूर्ण दिसतो तेच पान मोजायचे. मोजणी तळापासून करायची. पहिले पान ओळखायला सोपे असते: इतर पानांची टोके निमुळती असतात, त्याचे गोलसर असते. सहा-सात पानांनंतर हे खालचे पान वाळून गळते आणि मोजणी चुकते. त्यावर उपाय म्हणजे रानात वेगवेगळ्या ठिकाणी दहा ताटे निवडून त्यांच्या पाचव्या पानाला ऑइल पेंटचा ठिपका लावून ठेवणे. पुढे ठिपक्यापासून वर मोजायचे. बांधाकडेची ताटे निवडू नयेत. तिथे ऊन आणि वारा दोन्ही वेगळे असतात.

सहा पाने होईपर्यंत मका एकूण गरजेच्या दहा टक्केही नत्र उचलत नाही. एकरी पाच किलोंच्या आतच. तोवर त्याचा वाढीचा शेंडा जमिनीच्या पातळीखाली असतो आणि मुळे ओळीलगतच असतात. सहा ते आठ पानांच्या दरम्यान तो उसळी घेतो. शेंडा जमिनीवर येतो, खोडाची कांडी लांबू लागतात आणि कणसावर दाण्यांच्या किती ओळी येणार हे या सुमारास ठरते. ओळींची संख्या बरीचशी वाणाची देणगी असते (आणि ती नेहमी सम असते, १४, १६, १८, पंधरा ओळींचे कणीस सहसा सापडत नाही). पण एका ओळीत किती दाणे धरतील हे दहा पानांपासून केस बाहेर पडेपर्यंतच्या काळावर अवलंबून असते. चांगल्या पिकात या काळात नत्राची उचल एकरी रोज सव्वा ते दीड किलोंवर जाते. कणसाला केस फुटतात तेव्हा एकूण नत्रापैकी ६० ते ६५ टक्के नत्र पिकाच्या अंगात गेलेले असते.

यावरून वेळापत्रक आपोआप निघते. पेरणीला थोडे, सहा ते आठ पानांना एक हप्ता, दहा ते बारा पानांना दुसरा. तुरा पोंग्यात हाताला लागू लागला की युरियाचे काम आटोपलेले असावे. भारी काळ्या जमिनीत एकरी दोन-तीन गाड्या कुजलेले शेणखत पडले असेल तर पेरणीचा १५ किलो युरियाही वगळावा आणि तो सहा पानांच्या हप्त्यात मिसळावा, असे माझे मत आहे. डीएपीतले ९ किलो नत्र तीन आठवडे पुरते. उलट मुरमाड, हलक्या रानात एकूण तेवढेच नत्र चार वेळा विभागून द्यावे, पेरणीला पाचवा हिस्सा आणि उरलेले तीन सारखे हप्ते. तिथे एक जोराचा पाऊस अर्धा हप्ता मुळांच्या खाली घेऊन जातो.

पेरणीच्या वेळी घात होतो तो बी आणि खत एकाच नळीतून गेल्याने. युरिया ओल्या मातीत विरघळला की त्याचा अमोनिया होतो आणि तो कोंबाला जाळतो. डीएपीही याला अपवाद नाही, फक्त त्याचा त्रास कमी असतो. खत बियाच्या बाजूला पाच सेंटिमीटर आणि खाली पाच सेंटिमीटर पडले पाहिजे. दोन चाड्यांची (बी आणि खत वेगळे सोडणारी) पाभर किंवा ट्रॅक्टरचे खत-पेरणी यंत्र हे करते, फक्त फणाची खोली रानात उकरून तपासावी लागते. टोकण करणाऱ्यांनी आधी सरीत खत देऊन मातीआड करावे आणि बी वरंब्याच्या बगलेला टोकावे. झिंक सल्फेट (एकरी दहा किलो) डीएपीत कालवू नये. दोघांची गाठ पडली की जस्त पिकाला मिळेनासे होते. ते शेणखतात मिसळून वेगळे द्यावे.

उभ्या पिकात युरिया फेकून देणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे. पाऊस उघडला, वर ऊन पडले, जमीन वरून ओली आहे, वाफसा (मशागतीजोगी ओल) येत आहे, आणि शेतकरी घमेले घेऊन निघतो. पिकाच्या दृष्टीने ही वेळ सगळ्यात वाईट. ओलीने दाणा विरघळतो, जमिनीतल्या विकराने (एन्झाइमने) दोन ते चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो, दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) ९ च्या आसपास चढतो आणि वरचा थर वाळत असताना तो अमोनिया हवेत जातो. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू मुळातच ८ च्या पुढे असतो, त्यामुळे तूट आणखी वाढते. पाव हिस्सा नत्र असे उडून जाणे काही विशेष नाही. तोच युरिया ताटापासून आठ-दहा सेंटिमीटरवर ओळीने टाकून पाच सेंटिमीटर मातीआड केला तर ही तूट जवळजवळ थांबते. सहा-आठ पानांचा हप्ता कोळपणीला (ओळींमधले तण काढण्याच्या हलक्या मशागतीला) किंवा मातीची भर लावायला जोडून दिला की वेगळी मजुरी लागत नाही. पुढे कोळपा, मागे युरिया हा क्रम उलटा करावा: आधी युरिया, मग कोळपा. दहा पानांनंतर मुळे ओळींच्या मध्यापर्यंत पोचलेली असतात, तेव्हा खोल कोळपणी मुळे तोडते. त्या हप्त्याला मातीची हलकी ओढ किंवा हलके पाणी पुरे.

मातीआड करणे शक्यच नसेल तर पावसाच्या आधी टाकावा. येत्या एक-दोन दिवसांत १० ते १५ मिलिमीटर पाऊस मिळाला तर तो युरियाला मातीत नेऊन बसवतो. मात्र अतिवृष्टीचा इशारा असताना टाकू नये. अमोनिया होण्याआधीचा युरिया मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर जाईल तिकडे जातो, उताराने नाल्यात किंवा खोल जमिनीत. हवामान विभागाचा जिल्हानिहाय कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. हप्त्याचा दिवस त्यावर ठरवावा, बाजाराच्या वारावर नाही. आणि पहाटे दवात युरिया टाकू नये. ओल्या पानांवर दाणे चिकटतात, पोंग्यात पडलेले दाणे तिथल्याच पाण्यात विरघळतात आणि पुढची दोन पाने करपल्यासारखी पांढरी निघतात.

‘आता सगळा युरिया निंबोळीचा आहे, उडत नाही’ असे दुकानातही ऐकू येते. २०१५ पासून देशातला युरिया निंबोळी तेलाचा थर दिलेलाच असतो हे खरे. पण तो थर अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. म्हणजे झिरपून आणि पाणी साचून होणारी तूट काहीशी घटते. जमिनीवर पडलेल्या युरियातून अमोनिया उडण्याचे तो थांबवत नाही. मातीआड करण्याचे काम निंबोळी करून देत नाही.

काळ्या रानात दोन-तीन दिवस पाणी साचले तर काय करावे, हा ऑगस्टमधला नेहमीचा प्रश्न. हवा न मिळालेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा श्वास म्हणून वापर करतात आणि नत्र वायू होऊन निघून जाते. गरम दिवसांत हे फार झपाट्याने होते. शिवाय मुळेही गुदमरलेली असतात. त्यामुळे पाणी ओसरल्यावर दिसणारा पिवळेपणा दोन्ही कारणांनी येतो आणि लगेच टाकलेला युरिया मुळे उचलू शकत नाहीत. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर चार-पाच दिवस थांबून नवी पाने पाहावीत. ती हिरवी निघत असतील तर पुढचा ठरलेला हप्ता तेवढा द्यावा. फिकटच निघत असतील आणि तुरा आला नसेल तर एकरी २५ किलो युरिया जादा द्यावा. मधल्या दिवसांत दोन टक्के युरियाची फवारणी चालते (लिटरला २० ग्रॅम, ऊन उतरल्यावर), पण तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी: एकरी २०० लिटर फवारले तरी त्यात चार किलो युरिया म्हणजे दोन किलोंहून कमी नत्र जाते.

हाच हिशेब नॅनो युरियाला (पानांवर फवारायच्या द्रव युरियाला) लावून पाहावा. चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र २० ग्रॅम, पुढे आलेल्या वीस टक्क्यांच्या बाटलीत १०० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. पानातून शोषण कितीही चांगले मानले तरी एकरी ५०-६० किलो नत्र उचलणाऱ्या पिकाची भूक या बाटलीने भागणार नाही. कुणाला फवारायचे असेल त्याने फवारावे, पण त्या भरवशावर दहा-बारा पानांचा हप्ता वगळू नये.

आता मात्रा. १२० किलो हा आकडा सगळ्यांसाठी सारखा नाही. एक क्विंटल मका तयार होताना दाणे आणि कडबा मिळून पीक सुमारे दोन ते अडीच किलो नत्र उचलते. कोरडवाहू हलक्या रानात पावसाच्या भरवशावर एकरी बारा-पंधरा क्विंटलच येणार असेल तर ३० ते ३५ किलो नत्र पुरेसे आहे. ठिबकवरच्या रब्बी संकरित मक्याकडून चाळीस क्विंटलची अपेक्षा असेल तर एकरी ६० किलो, म्हणजे हेक्टरी १५० किलोंपर्यंत जाणे रास्त आहे. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंच्या खाली असेल तर शिफारशीत पाव हिस्सा वाढ, ५६० च्या वर असेल तर पाव हिस्सा घट, असा ढोबळ नियम आहे. आपल्या बहुतेक जमिनी पहिल्या गटात मोडतात. शेणखताचे नत्र धरताना मात्र हात आखडता घ्यावा. एकरी चार टन शेणखतात एकूण २० किलोंच्या आसपास नत्र असते, पण पहिल्या हंगामात त्यातले पाच-सहा किलोच पिकाला मिळते. कोंबडखत याच्या कितीतरी पट जोरकस असते. तिथे युरिया कमी केला नाही तर मका नुसता माजतो. मक्यावर मका घेणाऱ्यांनी धांडे (आधीच्या मक्याची उरलेली खोडे) रोटाव्हेटरने गाडली असतील तर पेरणीचा युरिया वगळू नये. धांडे कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे राहते.

जास्त युरिया टाकू नका असे सांगताना आपण बहुतेक वेळा ‘पैसे वाचतील’ म्हणतो, आणि शेतकरी मनातल्या मनात हसतो. त्याचे बरोबरच आहे. २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीतून नत्र किलोला १३ रुपयांनाही पडत नाही. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला २४. अर्ध्या किलो मक्यात एक किलो नत्र येत असेल तर ‘असू द्या जास्तीचा’ हा व्यवहार कागदावर तोट्याचा ठरत नाही, हमीभाव हातात पडला नाही तरी. म्हणून दुसरी कारणे सांगायला हवीत, आणि ती खरी आहेत. सुरुवातीलाच नत्र जास्त झाले की कांडी लांब आणि पोकळ होतात, आणि सप्टेंबरच्या वाऱ्या-पावसात मका आडवा होतो. लोळलेल्या मक्याची काढणी दुप्पट मजुरीची आणि कणसे बुरशीची. गर्द, कोवळा पाला २०१८ पासून ठाण मांडून बसलेल्या लष्करी अळीला मानवतो. उरलेले नायट्रेट विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि मका-कांदा घेणाऱ्या पट्ट्यात विहीर शेतातच असते.

पिकाला नत्र हवे आहे की नाही हे पान सांगते, पण बरोबर पान पाहिले तर. नत्र कमी पडले की आधी खालची पाने पिवळी होतात आणि पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकतो, पाचरीसारखा. कडा पिवळ्या होऊन करपत असतील तर ती पालाशची ओरड आहे. वरची, नवी पाने फिकी आणि खालची हिरवी असतील तर गंधक पाहावे. नव्या पानांच्या बुडाशी शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त. या तिघांवरही युरिया टाकला जातो आणि काही फरक पडत नाही. रोप जांभळे झाले की स्फुरदाची किंवा थंडीची शंका घ्यावी. थंडीचा जांभळेपणा ऊन वाढल्यावर आपोआप जातो. आणि दाणे भरत आल्यावर तळाची दोन-तीन पाने पिवळी पडणे हे पिकणे आहे, उपासमार नाही. त्या वेळी युरिया घेऊन धावू नये.

पंजाब कृषी विद्यापीठाने मक्यात पानाच्या रंगाचा तक्ता (हिरव्या छटांची क्रमांकित पट्टी) वापरात आणला आहे. वरचे पूर्ण उघडलेले पान पाचव्या छटेपेक्षा फिकट दिसले तर एकरी २५ किलो युरिया, नाही तर थांबायचे. तक्ता हाताशी नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. रानाच्या मध्यावर चार ओळी, दहा मीटर लांब, एवढा तुकडा काठ्या रोवून राखावा आणि चार पानांवर असताना तिथे ६०० ग्रॅम युरिया जादा देऊन मातीआड करावा. या तुकड्याला नत्राची वाण कधी पडणार नाही. प्रत्येक हप्त्याआधी बाकीचे रान त्याच्याशी ताडून पाहावे. सूर्य पाठीशी ठेवून पाहिले तर रंगातला फरक लगेच कळतो. फरक दिसत नसेल तर हप्ता आठ दिवस पुढे ढकलायला हरकत नाही. दहा-बारा पानांच्या पुढे मात्र ढकलू नये.

ठिबकवाल्यांना हे सगळे सोपे आहे, तरी एक चूक सर्रास होते. व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारे साधन) पाणी सुरू करतानाच लावली जाते, मग तीन तास पाणी चालते आणि युरिया मुळांच्या खाली जातो. पाण्याच्या वेळेचे तीन भाग करावेत. पहिल्यात नुसते पाणी, दुसऱ्यात खत, तिसऱ्यात नळ्या धुण्यापुरते पाणी. युरिया विरघळताना पाणी गार पडते आणि विरघळणे मंदावते, म्हणून किलोला तीन-चार लिटर पाणी घ्यावे आणि फडक्यातून गाळावे. एकरी ३९ किलो नत्र म्हणजे ८५ किलो युरिया चार पानांपासून तुऱ्यापर्यंत आठवड्याच्या हप्त्यांनी असा द्यावा की पहिल्या दोन हप्त्यांत पाच-पाच किलो जातील आणि आठ पानांनंतर पंधरा ते वीस किलो. सारखे वाटप करणे सोयीचे असते, पिकाची उचल तशी नसते.

मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) आणि हिरव्या चाऱ्यासाठी मका करणाऱ्यांना इशारा द्यायला हवा. पावसाच्या ताणानंतर एकदम सरी आल्या, किंवा नुकताच युरिया दिला, की खोडाच्या बुडख्यात नायट्रेट साठते. असा चारा उपाशी जनावराने पोटभर खाल्ला तर रक्त तपकिरी होते, श्वास लागतो आणि जनावर काही तासांत जाऊ शकते. युरिया दिल्यावर किंवा ताण तुटल्यावर आठवडाभर तो चारा कापू नये, कापताना बुडापासून १५-२० सेंटिमीटर खोड रानातच ठेवावे आणि पहिल्यांदा देताना वाळल्या कडब्याबरोबर थोडा द्यावा. मुरघासात नायट्रेट काही प्रमाणात घटते, पण खड्डा निदान महिनाभर बंद राहिला तर. हिरड्या किंवा डोळ्यांच्या कडा काळपट-तपकिरी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे.

हप्ता वेळेवर न पडण्यामागे पुरवठ्याचेही कारण असते. जुलै-ऑगस्टमध्ये युरिया मिळेल की नाही याची खात्री नसते, दुकानात त्याच्यासोबत नको ती बाटली गळ्यात मारली जाते, मग ज्या दिवशी गोणी मिळाली त्याच दिवशी ती रानात रिती होते. पीक आठ पानांवर येण्याच्या आठवड्यात त्या तालुक्यात युरिया असावा, असे नियोजन पेरणीच्या आकड्यांवरून करता येते. येवला, मालेगाव, सिल्लोड, भोकरदन अशा तालुक्यांत मका कोणत्या आठवड्यात पेरला गेला याची नोंद कृषी खात्याकडे असते.

आपल्याकडे मागणे एवढेच: ऑक्टोबरमध्ये रब्बी मक्याचा सल्ला छापाल तेव्हा ‘३० दिवसांनी’ आणि ‘४५ दिवसांनी’ यांच्या जागी ‘६ ते ८ पाने’ आणि ‘१० ते १२ पाने’ छापावे, गोण्यांच्या जागी किलो द्यावेत, आणि पान मोजायचा तो फिकट पट्टा दाखवणारे एक छायाचित्र सोबत द्यावे.

आपला,
एक वाचक
सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर